पंखाची खिडकी

सर्जेराव मिस्त्रीच्या हातचा पत्रा केज तालुक्यात कुठंही ठेवा, ओळखू यायचा. धान्याची कोठी असो, दुधाची किटली असो, नाहीतर लेकीच्या लग्नातली पेटी असो, उजव्या कोपऱ्यात, वीतभर आत, टोच्यानं कोरलेली दोन अक्षरं असायचीच. हरि. टोच्या म्हणजे पत्र्यावर खुणेची रेघ ओढायची टोकदार पोलादी सळई. सर्जेराव तिनं आधी हरीचं नाव कोरायचा आणि मगच पत्र्याला कात्री लावायचा. अक्षरांवरची आडवी रेघ तर अक्षरांपुरती थांबायचीच नाही. कीर्तनात बुवांना शेवटचा सूर सोडवू नये तशी ती उजवीकडं लांबत जायची. गिऱ्हाईक चेष्टेनं म्हणायचं, मिस्त्री, सही लई लांबली. त्यावर सर्जेराव म्हणायचा की ही सही नव्हं, परवानगी हाय. आधी इचारायचं, मंग कापायचं.

शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. सावरमाळला रेल्वेही नव्हती आणि पाणीही नव्हतं. आठवड्यातून एकदा टँकर यायचा आणि त्याच्या मागं निम्मं गाव पळायचं. सलग तिसरं वर्ष कोरडं गेलेलं. गायी कुणी विकल्या, कुणी पाहुण्यांकडं धाडल्या, आणि गावची दूध उत्पादक सहकारी संस्था वर्षापूर्वीच गप झाली. शेड तेवढं उरलं. तरी सेक्रेटरी धर्मराज रोज दहाच्या ठोक्याला यायचा, कुलूप काढायचा, वजनकाट्यावरची धूळ पुसायचा आणि हजेरीवर सही करायचा. बौद्धवाड्यातला पहिला पदवीधर, कागदाचा पक्का माणूस. दूध नव्हतं, पण संस्था कागदावर जिवंत होती, आणि जिवंत आहे त्याच्याजवळ कुणीतरी बसायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

आणि त्या शेडात, जिथं सकाळ-संध्याकाळ किटल्यांची रांग लागायची तिथं, विमान होतं.

आख्खं नव्हतं. धड होतं, शेपूट होतं, घोडीवर ठेवलेला डाव्या पंखाचा सांगाडा होता, आणि उजवा पंख अजून सुट्या तुकड्यांत लाकडी पेटीत पडून होता. करणारा होता सुंदरराव. गावचाच. तीस वर्षं हवाईदलात विमानांचे पत्रे बसवण्या-बदलण्यात गेली, आणि निवृत्त होऊन आला तो नकाशांची गुंडाळी काखेत मारूनच. दोन माणसांचं, पत्र्याचं, घरी बांधता येतं असं विमान. परवानगीचे कागद एका बाजूनं चालले होते, काम दुसऱ्या बाजूनं. चालवणार होती त्याची लेक जानकी. ती परराज्यात एका फ्लाइंग क्लबात विमान शिकवायची. आणि पहिल्यांदा तिच्या शेजारी बसणार होती भामाबाई, सुंदररावाची बायको. तीस वर्षं नवरा विमानात आन् मी रेशनच्या रांगेत, असं ती गावभर सांगायची, आता एकदा मी वर आन् हे खाली.

अडचण एकच झाली. दोन वर्षांपूर्वी सुंदररावाच्या उजव्या हाताला कंप सुटला. चहाची बशी हातात वाजायची. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या, पण डॉक्टरांनी साफ सांगितलं की जिवाला धोका नाही, हात मात्र असाच राहील. डोक्यात सगळं शाबूत, आणि हातात सुई धरवत नाही. म्हणून त्यानं सर्जेरावाला बोलावलं.

सर्जेरावाचंही तोवर बरंच आटलं होतं. किटल्या प्लॅस्टिकच्या झाल्या, कोठ्या कोण घेणार, धान्यच नाही. दुकानात बसून तो टाळांच्या दोऱ्या वळायचा. पन्नाशीच्या माणसाला कुणी कामाला बोलावलं, तेही विमानाच्या, तर त्याला दोन बोटं अंगावर मांस चढल्यासारखं झालं.

पण पहिल्या दिवशीच सुंदररावानं त्याला बाहेर ओसरीवर नेलं. तिथं संस्थेची पेंडीची कोठी उभी होती, सर्जेरावानंच अकरा वर्षांपूर्वी केलेली. तिच्या चौकोनी तोंडाच्या दोन कोपऱ्यांतून तडे गेले होते आणि त्यांवर सर्जेरावाचीच ठिगळं होती. सुंदररावानं विचारलं, तडा कायम कोपऱ्यातूनच का जातो? सर्जेराव म्हणाला, पत्रा हलका. मग सुंदररावानं त्याला समजावलं की पत्रा हलत असतो, ताण वाहत असतो, आणि काटकोनी कोपरा आला की सगळा ताण त्या एका टोकावर येऊन बसतो. तिथं गोलाई दिली की ताण वळून पुढं जातो. म्हणून विमानात खिडकी कापायची तर आधी चार कोपऱ्यांना चार गोल भोकं पाडायची आणि मग ती भोकं जोडत कापायचं. सर्जेरावानं कोठीच्या ठिगळावरून बोट फिरवलं. पंचवीस वर्षं तो कोपऱ्यांना ठिगळं लावत होता आणि दोष पत्र्याला देत होता.

दुसरी गोष्ट सुंदररावानं बोलून नाही, करून दाखवली. बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या घेतल्या. एकीवर खिळ्यानं बारीक रेघ ओढली, एक कोरी ठेवली. सर्जेरावाला म्हणाला, वाकवा. कोरी पट्टी पंधरा-वीस वेळा इकडून तिकडं झाली. रेघेची पट्टी सहाव्या खेपेला बरोबर रेघेवर तुटली. हवेत पंख दर क्षणाला वाकतो, तो म्हणाला, आणि आपण रेघ ओढली तर कुठं तुटायचं ते आपणच त्याला लिहून दिलं. म्हणून इथं टोच्या चालत नाही. खुणा काळ्या मार्करनं.

सर्जेरावाला पटलं. दीड महिना तो तुकड्यांवर शिकला. खिडकी म्हणजे पंखाच्या खालच्या अंगाला पंजा आत जाईल एवढी फट, आतली दोरी-कप्पी तपासायला. अशा वीसेक खिडक्या त्यानं रद्दी पत्र्यात कापल्या. शेवटच्या चार बघून सुंदरराव काहीच बोलला नाही. हवाईदलातल्या माणसाची शाबासकी अशीच असते, हे एव्हाना सर्जेरावाला कळलं होतं. टोच्या मात्र खिशातच राहिला. सवयीनं तो हाताचं सहावं बोट झाला होता, आणि बोट घरी ठेवून कोण येतं.

चैत्र सरता सरता धर्मराज संस्थेचा ठराव घेऊन आला. गावाला चारा छावणी मंजूर झाली होती. ऊस-वाढ्यांचे ट्रक येणार होते आणि चारा सावलीत ठेवायला शेड लागणार होतं. अक्षयतृतीयेच्या आत जागा मोकळी करून द्यावी. ठराव त्यानंच लिहिला होता, आणि वाचून दाखवताना त्याचाच आवाज खाली गेला.

धड आणि शेपूट कुठंही नेता आलं असतं. पंखाचं तसं नव्हतं. उघडा सांगाडा म्हणजे न विणलेली बाज. उचलला की तिरपा होणार, आणि एकदा पिळवटला की तो परत सरळ होत नाही. वरचा पत्रा बसला होता, पण खालचा पत्रा रिवेट मारून बसवल्यावरच पंख ताठ होणार होता. खालचा पत्रा एकच होता. बेंगळुरूहून अडीच महिन्यांनी आलेला, आठ फूट बाय चार फूट, दोन्ही बाजूंनी निळा पापुद्रा चिकटवलेला. अक्षयतृतीयेला नऊ दिवस होते. दोन दिवस कापायला, चार दिवस बसवायला. जमत होतं, पण चुकायला जागा नव्हती.

त्या दिवशी सुंदरराव रिवेटचं पार्सल आणायला सकाळच्या एसटीनं केजला गेला. जाताना सांगून गेला, पापुद्रा काढा, पत्रा पुसून ठेवा, खाकी कागदाचा नमुना वर पसरा. आल्यावर खुणा करू.

सर्जेरावानं पापुद्रा सोलला. आतून पत्रा निघाला तो देवघरातल्या समईसारखा. त्यात शेडाचं छप्पर दिसत होतं, स्वतःचं तोंड दिसत होतं. एवढा निर्मळ पत्रा त्यानं जन्मात बघितला नव्हता. त्यानं तो मऊ फडक्यानं पुसला, पायातल्या चपला बाजूला काढल्या आणि हात जोडले. डोळे मिटले. एवढं मोठं काम, आपल्या हातून. 

डोळे उघडले तेव्हा हातात टोच्या होता आणि पत्र्याच्या उजव्या कोपऱ्यात, वीतभर आत, हरि लिहिलेलं होतं. वरची रेघ उजवीकडं लांब गेली होती.

 त्यानं अंगठ्यानं घासलं. मग फडक्यानं. मग बारीक पॉलिश पेपर घेतला आणि तोही ठेवून दिला, कारण आता आणखी काही करायची भीती वाटली. पत्र्यात तोंड दिसत होतं आणि तोंडावर हरि. त्यानं खाकी नमुना आणला आणि त्यावर पसरला. कागदाखाली सगळं सारखं दिसायला लागलं.

सुंदरराव आला तेव्हा सर्जेराव म्हणाला, डोकं जड झालंय, उद्या सकाळी कापू, चारला कीर्तनही हाय. सप्ताहाचा पाचवा दिवस होता. टाळकऱ्याला सोडायला पाहिजे, हे सुंदररावालाही मान्य होतं. वाटेनं चालताना सर्जेरावाच्या डोक्यात हिशेब चालला होता. ती बाजू आतल्या अंगाला केली, वर रंगाचा हात मारला, तर जन्मात कुणाला दिसणार नाही. आणि नाव तरी कुणाचं आहे? देव आपल्याच नावावर कुणाला पाडेल का? असं त्यानं स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत पाय उचलले.

विजेचा भरवसा नसल्यानं त्या वर्षी सप्ताहाचं कीर्तन उन्हं कलतानाच व्हायचं. मारुतीच्या सभामंडपात पाण्याचे दोनच हंडे, पण माणूस दाटलेलं. दुष्काळात कीर्तनाला जास्त गर्दी होते. घरी बसून आभाळाकडं बघण्यापेक्षा चार माणसांत बसून वीणेकडं बघितलेलं बरं. नारायणगडाकडचे एक तरुण महाराज आले होते. आवाज असा की ऐकणाऱ्याची तहान काही वेळ तरी विसरावी. सर्जेराव मागं टाळकऱ्यांत उभा. पुढं बायकांत पहिल्या रांगेत भामाबाई, डोईवरचा पदर सावरून, मान डोलवत.

उत्तररंगात महाराजांनी दृष्टांत घेतला. एक म्हातारी होती. देवळातल्या देवाला थंडी वाजत असेल म्हणून गोधडी शिवायला बसली. सहा महिने शिवली. शेवटच्या टाक्याला सुई हातातून निसटली आणि दोन पदरांच्या मधे शिरली. आता सुई शोधायची तर सगळी गोधडी उसवायची, आणि उद्यावर तर उत्सव आलेला. म्हातारीनं काय केलं, गोधडी तशीच देवाच्या अंगावर घातली आणि चुकीबद्दल दहा हजार वेळा नाम घेतलं. देव तिच्या स्वप्नात आला. महाराज थांबले, वीणेवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "देव म्हणतो, आजे, तुझं नाम पोचलं. गोधडीबी पोचली. पण मी कूस कुठं वळू, तेवढं सांग."

मंडप हसला. भामाबाई तर डोळ्याला पदर लावून हसली. मग महाराजांनी चाल धरली, मृदंग उठला, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा सर्जेरावाचा टाळ एक मात्रा चुकला. शेजारच्या टाळकऱ्यानं वळून बघितलं. सर्जेराव भामाबाईच्या पाठीकडं बघत होता. ती विमानात बसेल तेव्हा पंखाकडं बघेल. तिथं आत सुई असेल.

सकाळी तो सुंदररावाच्या आधी शेडात जाऊन बसला. सुंदरराव आल्यावर उभं राहून म्हणाला, "नाना, मी पत्र्यावर नाव कोरलं."

"कुणाचं?"

"देवाचं. दुसऱ्या कुणाचं कोरणार हाय मी."

सुंदररावानं कागद बाजूला केला. चष्मा लावला. मग थरथरता उजवा हात डाव्या हातानं मनगटाशी धरून त्यानं अंगठ्याचं नख रेघेवरून फिरवलं. गुळगुळीत पत्र्यावरून नख सरकत आलं आणि रेघेत अडकलं. परत फिरवलं. परत अडकलं.

"रंगाखाली गेलं असतं," सर्जेराव म्हणाला.

"गेलं असतं."

"आतल्या अंगाला केलं असतं तर तुमालाबी दिसलं नसतं."

"मंग सांगितलं कावून?"

"वहिनी बसणार हायत त्यात. आन् जानकी."

सुंदररावानं त्याच्याकडं बघितलं, चष्मा काढून पुसला, परत लावला. रागवला असता तर सर्जेरावाला बरं वाटलं असतं. त्यानं टेबलावरची लाल मेणाची पेन्सिल घेतली आणि पत्र्याच्या मधोमध मोठी फुली मारली. हात कापत असल्यानं फुली नागमोडी आली. हवाईदलात ओरखडा पडलेल्या पत्र्यावर लाल फुली पडते आणि तो पत्रा त्या दिवसापासून नसल्यात जमा. तीस वर्षांची ती शिस्त होती. त्यात विचार करायचा नसतो. मग तो शांतपणे म्हणाला की बेंगळुरूला फोन करतो, अडीच महिने लागतील, सांगाडा जमेल तसा बांधून बाहेर काढू, पिळवटला तर पिळवटला.

दहाला धर्मराज आला आणि त्याला सगळं कळलं. त्यानं वाकून अक्षरं वाचली. "मिस्त्री, तुमच्या देवाला कागद चालत न्हाई का? आमचं बघा, सगळं कागदावर." कुणी हसलं नाही, तसा तोही गंभीर झाला. चेअरमन माणिकरावांशी बोलून बघतो म्हणाला, पण ट्रक ठरलेत. चारशे जनावरं येणार आहेत आणि त्यांना ठराव वाचून दाखवता येत नाही. हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून कुणी वाद घातला नाही.

सर्जेराव बाहेर ओसरीवर जाऊन बसला. समोर पेंडीची कोठी. तिच्यावरही कोपऱ्यात हरि, अकरा वर्षांचं, गंजलेलं. तो नजर चुकवायला गेला आणि नजर जाऊन पडली कोठीच्या तोंडावर. तोंड जरा विचित्र जागी होतं. मधे नाही, कडेलाही नाही. पेंड काढायला येणारा प्रत्येक माणूस त्यावरून त्याला शिव्या द्यायचा. सर्जेरावाला आठवलं ते का तिथं आहे. कोठी जुन्या पिंपाच्या पत्र्याची होती आणि त्या पत्र्याला एका जागी गंजानं खाल्लं होतं. दुसरा पत्रा नव्हता. मग त्यानं जे नेहमी करायचं तेच केलं होतं. जिथं पत्रा खराब, तिथं तोंड काढायचं. खराब तेवढं कापून पडतं, चांगलं तेवढं राहतं.

तो उठला तेव्हा चप्पल एकच पायात होती.

आत येऊन त्यानं खाकी नमुना उचलला. नमुन्यात खिडक्यांच्या जागा आधीच कापलेल्या होत्या, तीन. त्यानं नमुना फुलीच्या पत्र्यावर ठेवला आणि फिरवायला लागला. सुंदरराव फोनवर नंबर लावत होता. त्यानं विचारलं काय चाललंय, तर सर्जेराव म्हणाला, खिडकी हलवता येत न्हाई ना? तिथंच पाहिजे, आतल्या कप्पीखाली? बरं. मंग पत्रा हलवू.

सुंदररावानं फोन खाली ठेवला.

"लांबी आडवी करायची न्हाई," तो म्हणाला. "पत्रा कारखान्यात लाटला ती दिशा पंखाच्या लांबीतच पाहिजे."

"न्हाई करत. इकडचं टोक तिकडं करतो."

पहिल्या खेपेला तिन्ही खिडक्यांतून कोरा पत्रा दिसला. नमुन्याचं इकडचं टोक तिकडं केलं, तर नाव कागदाखाली चार बोटं लांब राहिलं. मग सर्जेरावानं नमुना उलटा केला, डावा-उजवा. चूक, म्हणाला सुंदरराव, मग थांबला आणि म्हणाला, थांबा, पत्राही उलटा बसेल, दोन्ही बाजू सारख्याच आहेत. ठेवा. सर्जेरावानं ठेवला. शेवटच्या खिडकीतून ह दिसला. त्यानं नमुना बोटानं ढकलला, तसा अख्खा हरि खिडकीत आला. जसा बंद देवळात जाळीतून देव दिसतो तसा. लांबलेली रेघ मात्र अजून कागदाखाली जात होती.

"अजून," सुंदरराव म्हणाला.

कागद दोन बोटं सरकला. तीन बोटं. रेघेचं टोक कागदाखालून बाहेर आलं आणि खिडकीच्या गोल कोपऱ्याशी येऊन थांबलं. त्याच वेळी पलीकडं कागदाची कड पत्र्याच्या कडेला जाऊन भिडत आली होती. सुंदररावानं पोलादी पट्टी लावली. थरथरत्या हातात पट्टी टकटक वाजत होती, म्हणून धर्मराजानं ती धरली आणि आकडा वाचला. पलीकडं अर्धं बोट पत्रा शिल्लक होता.

"रिवेटला पुरतो," सुंदरराव म्हणाला. आणि मग खिशातून रुमाल काढून, आयुष्यात पहिल्यांदा असेल, त्यानं लाल फुली पुसली.

काळ्या मार्करनं खुणा झाल्या. खाली लाकडी फळी, वर पत्रा. आधी चार कोपऱ्यांची चार भोकं. तीन सोपी होती. चौथं अवघड, कारण रेघेचं टोक तिथंच येऊन संपत होतं. भोकाची कड टोकाच्या बाहेरून गेली पाहिजे. आत गेली तर रेघेचा शेपटा पंखात राहणार, आणि फार बाहेर गेली तर खिडकी मोठी होऊन वरचं झाकण बसणार नाही. सुंदररावानं सांगितलं, आधी बारीक भोक, मग मोठं, आणि घाई करू नका. तेलाचा एक थेंब सोडला. सर्जेरावानं ड्रिल धरलं. शेडात फक्त पत्रा कापल्याचा कुईकुई आवाज. चांदीच्या केसासारखी पत्र्याची बारीक वेटोळी फिरत वर आली. ड्रिल थांबलं. सुंदररावानं भिंग लावलं. रेघेचं टोक भोकाच्या आत कापून गेलं होतं, कडेपासून दोन तीळ आत.

मग भोकं जोडत कापायचं. सर्जेरावानं खुणेच्या आतच करवतीचं बारीक पातं चालवलं. खुणेपर्यंतचं राहिलेलं कानशीनं उतरवायचं, आणि कानशीच्या खुणा पॉलिश पेपरनं, पेपर कडेच्या लांबीला चालवत, आडवा नाही. शेवटची कड सुटली तेव्हा पंज्याएवढा तुकडा फळीवर टणकन पडला. त्यावर हरि. पंखाच्या पत्र्यात तेवढ्या जागेत काहीच नव्हतं, खालची फळी दिसत होती.

दुपारी जेवणाचा डबा घेऊन भामाबाई आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सावरमाळसारख्या गावात सांगावं लागत नाही. सुंदरराव तिला म्हणाला, तुझ्या वातीचा कापूस आण. कापूस कडेवरून फिरवायचा, कुठं धागा अडकला तर तिथं अजून बारीक काटा आहे, असा त्याचा जुना रिवाज होता. भामाबाईनं देवाच्या वातींसाठी पिंजलेला कापूस आणला आणि खिडकीच्या कडेवरून स्वतःच फिरवला. एकदा सावकाश. मग दुसऱ्यांदा, उलट्या बाजूनं. कापूस जसा होता तसा हातात आला.

"बसते मी यात," ती म्हणाली, आणि डबा उघडायला गेली.

उरलेल्या दोन खिडक्या त्याच दिवशी झाल्या. पाचव्या दिवशी शेवटचा रिवेट बसला. अक्षयतृतीयेला दोन दिवस असताना छावणीवर आलेल्या दहा माणसांनी पंख उचलला. ताठ होता. कुठं तिरपा झाला नाही. सप्ताह संपून सभामंडप मोकळा होता आणि धर्मराजानं माणिकरावांना गाठून तो पावसाळ्यापर्यंत मागून घेतला होता. पालखी जाते त्या वाटेनं पंख गेला. पुढच्या टोकाला धर्मराज होता आणि तो सारखा ओरडत होता, हळू, हळू, ठरावात जबाबदारी माझ्या नावावर हाय. लहान-थोर बघायला दारात आलेले. शेडात संध्याकाळी चाऱ्याचा पहिला ट्रक लागला.

कापलेला तुकडा सुंदररावानं फेकू दिला नाही. त्याला एक भोक पाडून अवजारांच्या फळीवर खिळ्याला अडकवला, आणि त्याच्याखाली मार्करनं लिहिलं: इथं मार्करनंच लिहावं.

पुढच्या सोमवारी मंडपात उजव्या पंखाची पेटी फोडली. आत लहान पत्रे होते, सुरुवातीला पुरेसे होते; खालचा मोठा पत्रा नंतर यायचा होता. सर्जेराव येताना आधी भामाबाईच्या घरी गेला होता आणि टोच्या तिच्या वातींच्या डब्यात ठेवून आला होता. पत्र्यावरचा पापुद्रा सोलून त्यानं फडकं फिरवलं. चपला बाहेरच होत्या, मारुतीसमोर त्या कोण घालतं. हात जोडले. हाताला काहीतरी हवं होतं, बोटं खिशाकडं गेली आणि रिकामी परत आली. मग तो तोंडानं म्हणाला, मोठ्यानं, हरि, आणि शेवटचा सूर कीर्तनातल्यासारखा लांबवला. मंडपाच्या खांबांत तो थोडा वेळ फिरला.

सुंदरराव तोवर थांबून राहिला होता.

"झालं नाव घेऊन?"

"झालं."

"मंग लावा ड्रिल."